‘पश्चाताप’ नको, ‘पश्चात्ताप’ : या चुका टाळा

मावशीचा वाढदिवस विसरलो म्हणून फॅमिली ग्रुपवर टाकलं, ‘खूप पश्चाताप होतोय’. दोन मिनिटांत तिचा रिप्लाय, ‘अर्धाच होतोय वाटतं, एक त कुठे गेला रे?’

तर सगळ्यात कॉमन चूक हीच. शब्द आहे पश्चात् अधिक ताप. पश्चात् म्हणजे मागून, नंतर, आणि ताप म्हणजे तापणं, पोळणं, अंगात येतो तोच ताप. करून बसल्यावर मागून आतल्या आत जी होरपळ होते ती. आता पहिल्या शब्दातला त् पाय मोडका, त्याला पुढचा ता येऊन चिकटला की त्ता होणारच, एक गिळायचा नाही. घोळ कुठे होतो, तर निधनाच्या बातमीत आपण ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे’ असं वाचतो, तिथे मराठीच्या नियमाने त पूर्ण लिहितात, त्यामुळे तो पाय मोडका त् डोळ्यांना कधी दिसतच नाही, आणि बोलतानाही आपण एकच त म्हणून मोकळे होतो. कीबोर्ड सुचवेल ते डोळे मिटून घेऊ नका, तुम्ही दोनदा चुकीचं टाइप केलंत की तोही तेच शिकतो.

महत्त्व आणि तत्त्वाचंही हेच, महत् अधिक त्व, तत् अधिक त्व. पण म्हणून जोशात येऊन नेतृत्वाला जादा त लावू नका, मूळ शब्द नेतृ, तिथे शेवटी त् नाहीच.

दुसरी चूक अर्थाची. शेजाऱ्याची गाडी चोरीला गेली तर आपल्याला वाईट वाटतं, हळहळ वाटते, पश्चात्ताप नाही होत (आपणच चोरली असेल तर गोष्ट वेगळी). आमच्या लिफ्टवर एकदा चक्क ‘गैरसोयीबद्दल पश्चात्ताप आहे’ असा कागद होता, तिथे दिलगिरी हवी. आणि प्रायश्चित्त म्हणजे पश्चात्ताप नव्हे, पश्चात्ताप आपोआप होतो, प्रायश्चित्त घ्यावं लागतं. त्यातही शेवटी त्तच हं.

आणि कोणी ‘पस्तावा’ लिहिलं की हा हिंदी शब्द आहे म्हणून त्याला झापू नका. पश्चात्ताप प्राकृतातून घासून घासून हिंदीत पछतावा झाला आणि आपल्याकडे पस्तावा. त्यांच्याकडे छ तिथे आपल्याकडे स, मछली-मासा, कछुआ-कासव, पूछना-पुसणे बघा ना. तेव्हा पस्तावा बिनधास्त लिहा, आणि तिथे मात्र त एकच.