लिनियसच्या २४ वर्गांत फूल कसं बसवायचं

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने १७३५ साली सगळ्या वनस्पतींचे २४ वर्ग पाडले, ते मुख्यतः पुंकेसरांवरून, म्हणजे फुलातल्या नर अवयवांवरून. नवशिका थेट केसर मोजायला बसतो आणि तिथेच चुकतो. आधी बाकीचे प्रश्न सोडवायचे, मोजणी शेवटी.

दहापट भिंग, नवं ब्लेड, टाचणी आणि पांढरा कागद घ्या. फूल उमलायच्या बेतातलं हवं, शिळ्या फुलातले परागकोश (केसराच्या टोकावरच्या परागाच्या पिशव्या) गळून गेलेले असतात. एकाच झाडाची निदान पाच फुलं उघडा.

फुलंच येत नसतील (नेचा, शेवाळ), तर वर्ग २४. नर आणि मादी फुलं वेगवेगळी, पण एकाच वेलावर असतील (भोपळा), तर २१. वेगळ्या झाडांवर असतील (पपई), तर २२. मग टाचणीने केसर सोडवून पाहा. परागकोश चिकटून नळी झालेली: झेंडू, १९. तंतूंचीच (केसरांच्या देठांची) एक नळी: जास्वंद, १६. नऊ जोडलेले, दहावा सुटा: वाटाणा, १७. सगळे सुटे असतील तर लांबी पाहा. चारांपैकी दोन लांब असतील तर १४ (तुळस, तीळ), सहांपैकी चार लांब असतील तर १५ (मोहरी).

यातलं काहीच लागू पडलं नाही, तरच मोजा. दहापर्यंत जितके पुंकेसर तितवा वर्ग: हळद १, जाई २, धोतरा ५. धोतऱ्याचे केसर पाकळ्यांच्या नळीला आतून चिकटलेले असतात, म्हणून नळी उभी चिरा. झाड विषारी आहे, नंतर हात साबणाने धुवा. वीस किंवा जास्त असतील तर फूल उभं कापून केसर कुठे उगवलेत ते बघा. निदलपुंजावर (पाकळ्यांबाहेरच्या हिरव्या पेल्यावर) असतील तर १२ (पेरू), तळाच्या पुष्पासनावर (देठाच्या फुगीर टोकावर) असतील तर १३ (खसखस).

पहिल्या तेरा वर्गांत गण (वर्गातला पोटविभाग) ठरतो तो स्त्रीकेसराच्या, म्हणजे मादी अवयवाच्या, कुक्षीवृंतांच्या (वरच्या दांड्यांच्या) संख्येवरून. धोतऱ्याला एकच, म्हणून वर्ग ५, गण १. भाताला सहा पुंकेसर आणि दोन कुक्षीवृंत: वर्ग ६, गण २.

दुहेरी पाकळ्यांची जास्वंद किंवा गुलाब घेऊ नका, त्यांच्यात केसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात.

उत्तर बरोबर आलं तरी त्यावरून नातं ठरवू नका. भात आणि गहू दोन्ही गवतंच, पण गहू तिसऱ्या वर्गात जातो. चिंच ३, बहावा १०, वाटाणा १७: शेंगांचं एकच घराणं तीन ठिकाणी विखुरतं. चिंचेत परागकोश धरणारे केसर तीनच असतात. शेजारचे खुरटलेले मोजले की वर्ग चुकलाच.