कॉपीराइट आपोआप मिळतो, पुरावा मात्र जपावा लागतो

कविता कागदावर उतरली, चाल रेकॉर्ड झाली की कॉपीराइट तुमचा. कॉपीराइटबद्दलच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातल्या देशांत त्यासाठी नोंदणीची अट नाही. वर्तुळातल्या ‘सी’चं चिन्हही सक्तीचं नाही. हक्क साधारणपणे हयातभर आणि मृत्यूनंतर किमान ५० वर्षं टिकतो, अनेक देशांत ७०. नुसत्या कल्पनेला मात्र संरक्षण नाही. कथाबीज कुणीही उचलावं, तुमची वाक्यं, संवाद आणि प्रसंगांची गुंफण उचलू नये. शीर्षक किंवा घोषवाक्य सहसा यात बसत नाही, तिथे ट्रेडमार्क बघावा.

वाद झाला की पहिला प्रश्न असतो, आधी कुणी केलं? म्हणून कच्चे खर्डे फेकू नका. चोराकडे शेवटची प्रत असते, खाडाखोडीची वही नसते. प्रत्येक मसुदा तारीख घालून नव्या नावाने सेव्ह करा. रॉ फोटो (कॅमेऱ्यातली मूळ फाइल), लेयर असलेली फाइल, गाण्याचे सुटे ट्रॅक स्वतःकडेच ठेवा. बाहेर जाऊ द्या फक्त जेपेग, पीडीएफ किंवा एमपीथ्री. कॉम्प्युटरवरची तारीख बदलता येते, त्यामुळे महत्त्वाचा टप्पा झाला की ती प्रत विश्वासातल्या माणसाला ईमेल करून ठेवा. स्वतःच्याच पत्त्यावर बंद पाकीट पोस्टाने पाठवण्याची युक्ती कुचकामी आहे. उघडं पाकीट पाठवून नंतर त्यात काहीही भरता येतं. कमाईची कृती असेल तर नोंदणी करून टाकाच. अमेरिकेत तर तिथल्या कृतींसाठी त्याशिवाय सहसा दावाच चालत नाही.

हक्क चोरीपेक्षा सहीने जास्त जातात, असं आमचं मत. ‘हस्तांतरण’ म्हणजे मालकी गेली. ‘परवाना’ म्हणजे वापरायला दिलं. परवान्यात माध्यम, मुदत, प्रदेश आणि तो एकट्यालाच दिला आहे का, हे चारही लिहून घ्या. ‘सर्व माध्यमांसाठी, कायमस्वरूपी’ दिसलं की मोबदल्याची बोलणी पुन्हा सुरू करा. नोकरीत केलेलं काम अनेक देशांत मालकाचं ठरतं. जोडीने लिहिणार असाल तर वाटे आधीच कागदावर आणा. क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे ठरावीक अटींवर कुणालाही कृती वापरू देणारा परवाना एकदा दिला की ज्यांनी कृती घेतली त्यांच्याकडून तो परत घेता येत नाही.

चोरी सापडली की आधी जाब विचारू नका; समोरचा पोस्ट उडवतो आणि पुरावाही जातो. वेबपत्ता आणि तारीख दिसेल असा पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घ्या, मग प्लॅटफॉर्मला तक्रार करा. मूळ कृतीची लिंक आणि चोरलेल्या नेमक्या पोस्टची लिंक द्या. नुसतं प्रोफाइल दाखवलं की तक्रार बहुधा तिथेच अडकते.