सोन्याच्या लहान खाणीत पारा आणि धूळ घरापासून दूर कशी ठेवावी

सोन्याच्या लहान खाणीत सुरक्षिततेची सुरुवात कुठून करावी, असे कोणी विचारले तर मी आधी चुलीजवळ चालणारे पारा जाळण्याचे काम हलवायला सांगेन. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो आणि सोने १०६४ अंशांना वितळते, त्यामुळे सोन्याचे कण धरून ठेवलेला पाऱ्याचा गोळा साध्या आगीवरही तापवता येतो आणि म्हणूनच हे काम सर्रास घरात होते. त्या वाफेला रंग नाही, वास नाही; ती भिंतींत आणि अंथरुणांत मुरते, आणि धुळीचा साधा मास्क तिला अडवत नाही. लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया या कामाच्या आसपासही नसाव्यात.

गोळा उघड्यावर न जाळता रिटॉर्टमध्ये, म्हणजे घट्ट झाकणाच्या लोखंडी भांड्यात तापवावा. भांड्यातून निघून खाली उतरणाऱ्या नळीवर ओले फडके गुंडाळून ते सतत भिजवत राहावे, म्हणजे वाफेचा पुन्हा पारा होऊन तो खाली ठिबकतो. नळीचे टोक पाण्याच्या अगदी जवळ असावे, पण बुडलेले नसावे. भांडे निवू लागले की पाणी नळीतून वर ओढले जाते आणि तापलेले भांडे फुटू शकते. भांडे पूर्ण निवल्याशिवाय झाकण उघडू नये. मिळालेला पारा न फुटणाऱ्या बरणीत, वर पाण्याचा थर ठेवून, झाकण लावून ठेवावा.

तरीही रिटॉर्ट हा मधलाच टप्पा आहे. खरा उपाय पारा टाळणे हाच. फिलिपिन्समधील बेंगेटचे खाणकामगार दळलेले खनिज पुन्हा पुन्हा धुऊन उरलेल्या मूठभर जड रेतीत टाकणखार मिसळतात आणि ती मुशीत वितळवतात. टाकणखारामुळे इतर खनिजे लवकर वितळतात आणि सोने तळाशी बसते. धुण्यात कसूर झाली तर ही पद्धत फसते, शिवाय ती प्रत्येक खनिजाला मानवत नाही, म्हणून आधी थोड्या मालावर करून पाहावी. पारा लागलेल्या गाळावर सोने विरघळवून काढणारे सायनाइड मात्र कधीही वापरू नये. पारा त्यात विरघळून पाण्यात उतरतो. पाऱ्याच्या वापरावर निर्बंध घालणाऱ्या, २०१७ पासून लागू असलेल्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारानेही ही प्रथा बंद करण्यास सांगितले आहे.

धुळीकडे पाऱ्याइतकेच लक्ष हवे. नायजेरियातील झामफारा राज्यात शिसे असलेले खनिज घराघरांत दळले जात होते. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या त्या विषबाधेत शेकडो मुले दगावली. म्हणून दळण वस्तीबाहेर आणि पाणी मारूनच करावे, आणि अंगावरचे कपडे कामाच्या जागीच बदलावेत. विहिरीसारख्या खोल खड्ड्यात इंजिनाचा पंप उतरवू नये, कारण त्याचा विषारी धूर आत साचतो, आणि आत कोणी बेशुद्ध पडल्यास हवा पोहोचवल्याशिवाय मागोमाग उतरू नये.

रिटॉर्टमधून निघालेल्या सोन्यातही थोडा पारा उरतोच आणि तो खरेदीदाराच्या भट्टीत उडतो. त्यामुळे त्या भट्टीवर पाऱ्याची वाफ धरून ठेवणारी यंत्रणा आहे का, हे शेजारच्या घरांनी जाऊन पाहावे आणि नसेल तर ती बसवून घ्यावी.