कॅनडाच्या पीआरचा अर्ज: आधी नावं जुळवा

कॅनडाच्या पीआरसाठी (म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी) एक्स्प्रेस एन्ट्री या कुशल कामगारांसाठीच्या ऑनलाइन योजनेतून अर्ज करणार असाल तर आधी सगळी कागदपत्रं टेबलावर मांडा आणि फक्त नावं वाचा. आपल्याकडे हमखास घोळ इथेच होतो. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मधलं नाव कुठे वडिलांचं तर कुठे नवऱ्याचं. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र काढलं नसेल तर आत्ताच काढा. कॅनडा सरकारकडून अर्ज करण्याचं आमंत्रण आल्यावर पूर्ण अर्ज भरायला ६०च दिवस मिळतात, आणि ते कसे सरतात कळतही नाही.

अनुभवाच्या पत्रात 'अमुक ते अमुक काळ नोकरी केली' एवढंच पुरत नाही. हुद्दा, प्रत्यक्ष कामं, आठवड्याचे तास, पगार, सगळं कंपनीच्या लेटरहेडवर हवं. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल २ वर्षंच चालतो, तारीख बघून घ्या.

आणि हे अगदी कळकळीने सांगते: पूर्वी कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला असेल तर तो लिहाच, एजंट 'राहू द्या हो, कोण बघतंय' म्हणाला तरी. अर्जाखाली सही तुमची असते. माहिती लपवल्याचं ठरलं तर ५ वर्षांची बंदी तुमच्यावरच येते.