जेवणानंतरचा तास आणि हातातलं पुस्तक

खाण्याच्या आजारातून (ईटिंग डिसऑर्डर) बाहेर येताना सगळ्यात जड जातो तो जेवणानंतरचा तास. ताट उचललं की पोट टम्म वाटतं, जेवल्याचं अपराधीपण येतं, उलटी काढावी किंवा किनाऱ्यावर तरातरा चालत सुटावं अशी उबळ येते. ती चढते आणि काही न करता ओसरतेही. तेवढा वेळ निभवायला पुस्तक उत्तम, पण ते आदल्या दिवशी काढून ठेवावं. उबळ आलेली असताना कपाटापाशी उभं राहून केलेली निवड आजारच करतो.

आजारावरचीच पुस्तकं आणावीत असं घरच्यांना वाटतं. तिथेच बहुधा फसगत होते. आत्मकथनांत वजनाचे आकडे, किती कमी खाल्लं याचे तपशील, लपवाछपवीच्या युक्त्या असतात. आजारी मन ते सगळं स्पर्धेसारखं वाचतं. म्हणून पुस्तक आधी बहिणीने, मावशीने, कुणीतरी दुसऱ्याने चाळावं. किलो, कॅलरी, कपड्यांचे साइज, ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो जागोजागी दिसले तर ते परत करावं. एखादंच पान तसं असेल तर त्यावर कागद लावून क्लिप अडकवावी (वाचनालयाच्या पुस्तकाला स्टेपल मारू नये, ग्रंथपाल सोडणार नाहीत).

पाककृतींची पुस्तकंही सध्या बाजूला. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांच्यातले काही जण पाककृतींची पुस्तकं जमवून तासन् तास वाचू लागले. मुलगी ताटातला भात चिवडत बसते आणि फोनवर मोदकांचे व्हिडिओ बघत राहते, तेव्हा तिला खाण्याची गोडी लागली असं समजू नये. ती उपाशी आहे.

मग वाचायचं काय? माणसं, गाव, समुद्र, प्रवास, भानगडी असलेली लांबलचक कादंबरी. प्रकरणं छोटी हवीत, कारण पोट रिकामं राहिलेल्या काळात लक्ष फार टिकत नाही. दोन पानांवर अडलं तर दुसऱ्याने मोठ्याने वाचावं. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, आणि तालुक्याच्या गावीही वाचनालय असतंच. तिथले जुने दिवाळी अंक चांगले, फक्त बारीक होण्याच्या जाहिराती आणि फराळाची पानं आधी बघून घ्यावीत. बसायचं पडवीत, चारचौघांत, न्हाणीघरापासून लांब. फोन आत. अर्धा ते एक तास.

पुस्तक जमतंय का, हे पुढच्या जेवणाला कळतं. घास सोपा गेला की अवघड, एवढंच वहीत लिहावं. लागोपाठ दोनदा ‘अवघड’ आलं तर पुस्तक बदलावं, कितीही गाजलेलं असो.

स्वतःला स्वीकारण्याबद्दलचं वाचन मात्र थोडं उशिरा. ‘स्वतःवर प्रेम करा’ हे वाक्य सुरुवातीला चिडवल्यासारखं वाटतं, मन लगेच वाद घालतं. साध्या, खऱ्या वाक्यावर वाद घालता येत नाही: ‘या हातांनी आज सोलं वाळत घातली.’ ‘पाय जेटीपर्यंत जाऊन आले.’ अशी दोन वाक्यं रोज लिहावीत आणि तीच मोठ्याने वाचावीत. त्यांत दिसणं, वजन, कौतुक काही नको.

स्वमदत पुस्तकांचा उपयोग आजारानुसार वेगळा. बुलिमिया (भरमसाट खाऊन मग उलटी वगैरे करून ते बाहेर काढणं) किंवा ताबा सुटून खाण्याच्या आजारात मोठ्यांसाठी, जाणकाराच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याचं पुस्तक हा उपचाराचाच भाग ठरतो. ब्रिटनच्या नाइस या उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं तसंच सांगतात. ॲनोरेक्सियात (वजन वाढण्याच्या भीतीने जेवणच तोडण्याच्या आजारात) केवळ पुस्तकावर विसंबू नये. बरेच दिवस जवळजवळ उपाशी असलेल्याला एकदम भरपूर जेवू घातलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरून हृदयाला धोका होतो, म्हणून किती आणि कसं वाढवायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्यावं. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, उलटीत रक्त असेल तर पुस्तक ठेवून थेट रुग्णालय गाठावं. मराठीतून बोलायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

श्रावण आणि मार्गशीर्ष वेगळे सांभाळावे लागतात. पोथीबरोबर उपास येतो, आणि आजाराला उपास म्हणजे आयतं निमित्त. पोथी खुशाल वाचावी, उपास करू नये. आजाऱ्याला उपास नाही हे घरातल्या आजीनेच सर्वांसमोर सांगितलं तर प्रश्न मिटतो. गणपतीत चाकरमानी आले की ‘काय गो, सुकलंस किती!’ किंवा ‘जरा भरलंस हां’ ही दोन्ही वाक्यं येणारच. दोन्ही सारखीच लागतात. घरातल्या एकाने त्यांना गाडीतून उतरतानाच बजावून ठेवावं की अंगकाठीवर बोलायचं नाही, आणि दुपारचं ताट उचलल्यावर भजनाची तयारी सुरू होईपर्यंत तिच्यासोबत पडवीत बसणारा माणूस आदल्या रात्रीच ठरवावा.