सवंगणीपूर्वी इळा, कोयता आणि कुऱ्हाड पाजवण्याची तयारी

तुरीच्या शेंगा खुळखुळू लागल्या की सवंगणीच्या दोन-तीन दिवस आधीची एक सकाळ हत्यारांसाठी राखून ठेवावी, कारण बोथट इळ्याने तूर कापली जात नाही, ओढली जाते, आणि त्या ओढाताणीत वाळल्या शेंगा वावरातच फुटतात. धुऱ्यावरच्या बाभळी छाटायचा कोयता आणि कुऱ्हाडही त्याच बैठकीत उरकावी. दातेरी इळा मात्र बाजूला ठेवावा. त्याचे दाते धार लावायच्या वॉटर पेपरने, म्हणजे घासकागदाने, घासले जाऊन नाहीसे होतात.

आधी बैठक पक्की हवी. अंगणात जाड ओंडका डुगडुगणार नाही असा रोवून पाते त्यावर शिकंज्याने घट्ट आवळावे. कुऱ्हाडीची पाचर सैल असेल तर ती धारेआधी ठोकून घ्यावी.

हाताशी एक सपाट कानस, 120, 220, 400 आणि 600 नंबरचे वॉटर पेपर, दीड इंच जाडीचा लाकडी गुटका, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, मार्कर, पाण्याचे गंज, चिंध्या, जुना चामडी पट्टा आणि जाड हातमोजे असावेत. इळ्याच्या आतल्या वळणासाठी गुटका चालत नाही, तिथे कागद गोल दांडक्याला गुंडाळावा. गुटक्यावर ट्यूब आणि तिच्यावर कागद ताणून बसवला की रबर किंचित दबते आणि धारेमागे हलका फुगीरपणा राहतो. बाभळीच्या गाठीवर घाव घालणाऱ्या कुऱ्हाडीला तोच टिकवतो.

कोनासाठी साध्या कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा दुमडावा, म्हणजे साडेबावीस अंश मिळतात; कोयता आणि कुऱ्हाड यांच्या प्रत्येक बाजूला एवढा कोन पुरतो. धारेलगत मार्करची रेघ ओढून दोन हात फिरवावेत. शाई नुसती वरच्या अंगाला पुसली गेली तर कोन कमी पडला आहे, नुसती टोकाला गेली तर जास्त झाला आहे. खांडे (धारेतल्या खाचा) पडले असतील तर ते आधी कानशीने काढावेत. कागदाचा गुटका पाठीकडून धारेकडेच सरकवावा, उलट नेल्यास कागद फाटतो; बोटे गुटक्याच्या वरच्या अर्ध्यातच धरावीत. एका बाजूला घासताना दुसऱ्या बाजूला लोखंडाची बारीक कोर नखाला अडकू लागली की बाजू बदलावी आणि मगच पुढच्या नंबरचा कागद घ्यावा. शेवटची कोर चामड्यावर उतरते.

घाईपोटी हत्यार ग्राइंडरवर नेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. माझा एक चांगला कोयता तसाच गेला: धारेवर निळसर झाक आली, म्हणजे पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरले, आणि पहिल्याच बाभळीवर धार दुमडली. कागदाने घासताना पाते एवढे तापत नाही.

धार बोटाने तपासू नये. पाते उन्हाकडे धरावे; धारेवर कुठे पांढरी रेघ चमकली तर तेवढा भाग अजून बोथट आहे. पाते पुसून तेलाचा हात फिरवावा आणि पोत्यात गुंडाळून लेकरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवावे.