लातूरहून सांगलीला येणाऱ्यांनो, आधी खोलीत बसायची जागा लावा

दरवर्षी सप्टेंबर उजाडला की आपल्याकडच्या पोरापोरींची एकच तक्रार कानावर येते: "ताई, खोलीत अभ्यासच होत नाही." बारावीला रोज दहा-दहा तास मांडी ठोकून बसलेली ही पोरं. हुशारी आठ महिन्यांत कुठं जात नाही. बदलते ती जागा. लातूरला तुमची जागा दुसऱ्यानं लावून ठेवलेली होती. अभ्यासिकेत दोन्ही बाजूंनी आडोसा असलेला कप्पा, समोर कोरी भिंत, डोक्यावर दिवा, कुजबुजलं तरी डोळे वटारणारा माणूस, आणि रविवार आला की टेस्ट. तुम्ही फक्त जाऊन बसायचात. इथं वसतिगृहात एक लोखंडी कॉट, एक टेबल, एक खुर्ची, अर्धं कपाट आणि दोन अनोळखी रूममेट मिळतात. बाकीचं तुम्हीच उभं करायचं, आणि ते करायचं असतं हे कुणी सांगत नाही.

मी लातूरचीच. इंजिनिअरिंगला आले, नोकरीही इथंच लागली आणि आता विश्रामबागेतच घर आहे. सांगली आणि मिरज यांच्या मधोमध हा भाग पडतो. 1947 सालचं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज इथंच आणि 1919 सालचं विलिंग्डन कॉलेजही इथंच, त्यामुळं इथल्या गल्ल्यांना विद्यार्थ्यांची सवय आहे. मिरजेच्या सरकारी मेडिकलला लागलेल्यांनाही पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल.

सुरुवात टेबलापासून करू नका, कॉटपासून करा. तीन माणसांच्या खोलीत बसायला सगळ्यात ऐसपैस जागा कॉटच असते, म्हणून पोरं उशीला टेकून पुस्तक उघडतात. अर्ध्या तासात पाठ घसरते, पुस्तक छातीवर येतं आणि मग मोबाईल. उपाय साधा आहे. सकाळी उठल्यावर गादी गुंडाळून भिंतीकडं लावायची, चादर घालून बांधायची. उघड्या लोखंडी पट्ट्यांवर किंवा फळीवर कुणाला लोळावंसं वाटत नाही. वर मोकळी झालेली फळी दिवसभर वह्या, जर्नल, ड्रॉइंग शीट पसरायला कामी येते. पहिल्या आठवड्यात रूममेट हसतील. सबमिशनच्या आठवड्यात त्यांच्याही गाद्या गुंडाळलेल्या दिसतील.

टेबल दाराकडं तोंड करून लावू नका. दारातून जाणारा प्रत्येक जण तुमच्याकडं बघून "काय मग?" म्हणतो, आणि त्या दोन शब्दांत वीस मिनिटं जातात. खिडकी शक्यतो डाव्या हाताला यावी, डावखुऱ्यांनी उजव्या. खिडकी समोर आली तर लॅपटॉप बघताना डोळे दिपतात, पाठीमागं आली तर स्क्रीनवर तिचंच प्रतिबिंब दिसत राहतं. समोर भिंत असलेली बरी. त्या भिंतीवर वेळापत्रकाखेरीज काही लावू नका, आणि लावताना खिळा ठोकू नका, डबल टेपही नको. टेप काढताना रंगाचा पापुद्रा येतो आणि डिपॉझिटमधून पैसे जातात. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या हँडलपर्यंत सुतळी ताणा आणि कपड्यांचे चिमटे वापरा.

उंचीचं गणित एकदाच करून ठेवा. टेबल साधारण 75 सेंटिमीटर, खुर्चीची बैठक 45 च्या आसपास, आणि लिहिताना कोपर काटकोनात. खुर्ची बुटकी असेल तर जुनी उशी दुमडून घाला. उंच असेल आणि पाय लोंबत असतील तर पायाखाली वीट घ्या. वीट फुकट मिळते, इथं कुठं ना कुठं बांधकाम चालूच असतं, पण मालकाला विचारून घ्या. लॅपटॉपवर तासन् तास काम असेल तर तो चार जाड पुस्तकांवर चढवा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा आणि वेगळा कीबोर्ड घ्या. सेकंड इयरला मान धरलेली पोरं मी खूप बघितलीत.

उजेडात कंजुषी करू नका. वसतिगृहाची ट्यूब बहुधा खोलीच्या मध्यावर किंवा दारावर असते. टेबल भिंतीला लावलं की ती तुमच्या पाठीमागं येते आणि तुमचीच सावली वहीवर पडते. म्हणून टेबल लॅम्प हवाच, लिहिणाऱ्या हाताच्या उलट्या बाजूला, आणि त्याची मान खाली वळणारी, म्हणजे झोपलेल्या रूममेटच्या डोळ्यांवर उजेड जाणार नाही. सात ते नऊ वॅटचा एलईडी बल्ब पुरतो. चार्जिंगवाला लॅम्प घेतलात तर लाईट गेल्यावरही काम थांबत नाही.

आता विजेचं, कारण इथं रेक्टर खरोखर चिडतात. खोलीतला साधा प्लग 6 अँपिअरचा असतो, म्हणजे 230 व्होल्टला जेमतेम 1400 वॅट. लॅपटॉपचा चार्जर 65 वॅट, लॅम्प 9, टेबल फॅन 50-60. हे सगळं एका चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर आरामात चालतं. पण चहाची किटली किंवा पाणी तापवायचा रॉड 1500 वॅटचा असतो. तो त्याच बोर्डवर लावला की वायर गरम होते, प्लग वितळतो, आणि फ्यूज उडाला तर तुमच्या खोलीबरोबर शेजारच्याचंही प्रोजेक्ट अर्धवट राहतं. बोर्ड घेताना फ्यूज किंवा ट्रिप स्विच असलेला घ्या, आणि तो कॉटखाली ठेवू नका. फरशी पुसताना पाणी तिथंच साचतं.

इंजिनिअरिंगवाल्यांना पहिल्या वर्षी ड्रॉइंग बोर्ड ठेवायचा प्रश्न येतो. बोर्ड टेबलावर मावला तरी वह्यांना जागा उरत नाही. तो कपाट आणि भिंतीच्या फटीत उभा ठेवा आणि काढल्यावर मागच्या बाजूला दोन पुस्तकं घालून थोडा उतार द्या, पाठ वाचते. शीट गुंडाळून नळीत ठेवायच्या. पावसाळ्यात मोकळ्या ठेवलेल्या शीट दमट होऊन फुगतात आणि मग पेन्सिलची रेघ नीट उठत नाही. मेडिकलवाल्यांनी हाडांचा सेट कॉटखालच्या पेटीत ठेवा, उघड्या रॅकवर नको. भेटायला आलेली आई दचकते.

रूममेटविषयी जरा सविस्तर बोलते, कारण खोलीतली अभ्यासाची जागा लाकडापेक्षा बोलण्यातून जास्त तयार होते. पहिल्या आठवड्यात सगळेच गोड वागतात, आणि तोच आठवडा ठरवाठरवीचा असतो. नंतर भांडण झाल्यावर केलेला नियम कुणी पाळत नाही. तीन गोष्टी ठरवल्या तरी पुरे. मोठी ट्यूब किती वाजता बंद होणार. फोन कुठं बोलायचा, म्हणजे गॅलरीत की जिन्यात. घरचा फोन आला की आपल्या मराठवाड्यातल्या लोकांचा आवाज आपोआप चढतो, हे इथल्या पोरांना माहीत नसतं. आणि पहाटेचा गजर कुणाचा, कितीदा. पाचचा गजर लावून सातला उठणारा रूममेट असेल तर त्याला सरळ सांगा, मनात धरू नका. यातलं एखादं कलम तुम्हालाही अडचणीचं होईल, तेव्हा तुम्ही पाळा. पुढच्या वेळी तो पाळेल.

सिनियरच्या खोलीत गेलात तर एक बघा. ज्यांचं नीट चाललंय त्यांच्या टेबलावर फार काही नसतं. पेनस्टँड, पाण्याची बाटली, आज लागणारी पुस्तकं. मोबाईल कपाटात. टेबलावर उलटा ठेवलेला मोबाईलसुद्धा लक्ष खातोच.

गणपतीच्या दिवसांत खोलीतून काही अपेक्षा करू नका. मिरजेत असाल तर अनंत चतुर्दशीला उंचच उंच स्वागत कमानी उभ्या राहतात आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. ती बघा, बघण्यासारखीच आहे, आणि युनिट टेस्टचा अभ्यास त्याच्या आधी उरका.

उन्हाळी परीक्षा एप्रिल-मेमध्ये येते आणि पारा चाळिशीच्या आसपास जातो. लातूरकरांना हे नवीन नाही. खोली वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या खिडकीची असेल तर दुपारी तिथं बसून काही होत नाही. जाड चादर ओली करून खिडकीला लावा, दुपारचा वेळ कॉलेजच्या वाचनालयात घालवा आणि खोलीतला अभ्यास पहाटे पाच ते आठमध्ये करा. पंखा पूर्ण वेगात असताना सुटे कागद उडतात, म्हणून नोट्स क्लिपबोर्डवरच.

वसतिगृह मिळालं नाही आणि बाहेर खोली घ्यायची झाली, तर आपल्या लोकांच्या डोक्यात न येणारा एक प्रश्न मालकाला विचारा: "2019 ला पाणी कुठवर आलं होतं?" 2016 साली मिरजेतून पाण्याची रेल्वे लातूरला गेली तेव्हा तुम्ही लहान होतात, पण घरच्यांना ती आठवत असेल. आपल्याला पाणी नसण्याची भीती माहीत आहे. इथं उलटं आहे. सांगलीत पाऊस बेताचाच पडतो, तरी वर महाबळेश्वर-कोयना भागात धो धो लागला आणि धरणातून विसर्ग वाढला की कृष्णा फुगते. इथं ऊन पडलेलं असतानाही पाणी चढत असतं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट म्हणजे इशारा पातळी आणि 45 फूट धोक्याची. 2005, 2019 आणि 2021 ला धोक्याची पातळी बरीच मागं पडली, आणि 2019 ला तर गावभाग, सांगलीवाडी यांच्याबरोबर हरभट रोड, मारुती रोडची बाजारपेठही पाण्यात होती. विश्रामबाग उंचावर आहे. नदीकडच्या भागात स्वस्तात तळमजल्याची खोली मिळत असेल तर भाड्याबरोबर हेही हिशेबात धरा. घेतलीतच तर पुस्तकं वरच्या फळीवर, मूळ दाखले आणि मार्कशीट प्लास्टिकच्या फाईलमध्ये, आणि ती फाईल जुलै-ऑगस्टमध्ये हाताशी. बाकी पेपरात पुलाजवळची पातळी रोज छापून येते, इथले लोक सकाळी आधी तेच वाचतात.

बारीकसारीक थोडं. भडंग टेबलावर खाऊ नका. सांडलेल्या दाण्यांना मुंग्या लागतात आणि त्या थेट वहीत शिरतात. कपाटातल्या पुस्तकांना कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या ठेवा, कडुलिंबाचा पाला वाळवून घातला तरी चालतो. हिवाळ्यात आजूबाजूच्या शेतात उसाचं पाचट पेटवलं की काळी काजळी उडत येते, खिडकी संध्याकाळी लावून घ्या नाहीतर पांढऱ्या शीटवर डाग.

रेल्वेनं आलात तर मिरज जंक्शनला उतराल, तिथून विश्रामबाग रिक्षानं किंवा सिटी बसनं जवळ आहे. तरी घरून ओझं कमी आणा. टेबल-खुर्ची तर आणूच नका, आणि गादीही इथंच मिळते. मे-जूनमध्ये शेवटच्या वर्षाची पोरं गाव सोडताना रॅक, खुर्च्या, कूलर अर्ध्या किमतीत देऊन जातात. ज्यांची ओळख असेल त्यांनी आत्ताच शब्द टाकून ठेवावा. ड्रॉइंग बोर्ड त्यांच्याकडूनच घ्या, फक्त त्याची कड सरळ आहे का ते पट्टी लावून बघा. लॅम्प आणि एक्स्टेंशन बोर्ड मात्र नवे आणि बिलासकट, सांगलीतच घ्या, म्हणजे बिघडले तर बदलून आणता येतील.